पहिल्या प्रयत्नाचा आकडा

रविवार, १९ जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. गटात मुली अकरा. राष्ट्रीय वेटलिफ्टिंग शिबिरासाठी जागा तीन.

मंचामागच्या सरावाच्या खोलीत भाचीने अठ्ठ्याहत्तर किलोची दांडी डोक्यावर नेली आणि लगेच सोडून दिली. डावे कोपर तिने उजव्या तळहातात घट्ट धरले.

“मामा, आकडा उतरवा. ऐंशी लिहा.”

मामांच्या हातातल्या कार्डावर पहिल्या प्रयत्नासाठी पंच्याऐंशी किलो लिहिलेले होते. दांडीवर तेवढे वजन चढेपर्यंत आकडा कमी करता येतो. एकदा चढले की तेवढेच पुन्हा उचलायचे, नाहीतर त्याहून जास्त. प्रयत्न तीन, तिन्ही फसले की स्पर्धक बाद.

“दुखतंय का?”

“कोपरात करकर वाजतंय.”

“ते डोक्यात वाजतंय. आकडा खाली आला की मनही खाली येतं.”

तरुणपणी मामांनी स्वतः असाच आकडा ऐन वेळी उतरवला होता. पदक दोन किलोंनी हुकले, आणि ते दोन किलो त्यांनी जन्मभर उरावर वागवले. पुढे बहीण वारली, तिची सात वर्षांची मुलगी त्यांच्या घरी आली. तेव्हापासून त्या घरात ‘जमणार नाही’ असे म्हणायची सोय राहिली नाही.

शेजारच्या बाकावरून टोपीवाले प्रशिक्षक म्हणाले, “काय मामा, आज हत्ती उचलायचा बेत दिसतोय!”

“तुम्ही उंदीर मोजत बसा,” मामा म्हणाले. कार्ड त्यांनी खिशात घातले.

पहिल्या प्रयत्नात दांडी भाचीच्या पाठीमागे कोसळली. दुसऱ्यात ती वर गेली, पण कोपर वाकले आणि पंचांचे तिन्ही दिवे लाल लागले. एव्हाना बाकी सगळ्यांचे प्रयत्न आटोपले होते. तिसऱ्या क्रमांकावरच्या मुलीने उचलले होते एकोणऐंशी. ऐंशी पुरले असते, हे मामांना कळत होते. भाचीलाही कळत होते.

तिच्या तिसऱ्या प्रयत्नासाठी घड्याळात दोन मिनिटे लागली. तिचे कोपर लिंबाएवढे सुजले होते. टोपीवाले उठून जवळ आले. त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

“मामा, हात बघा पोरीचा. माघार घ्या. एकोणीस वर्षांची आहे, पुढचं वर्ष कुठे पळून जात नाही.”

मामांनी हात पाहिला. चाळीस वर्षे यंत्रशाळेत शिकवलेल्या माणसाला, कोणता सांधा किती भार पेलेल, हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

“मामा, तुम्ही सांगा,” भाची म्हणाली. “जाऊ का?”

‘नको’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. तो उच्चारला असता तर बारा वर्षे घरात जे सांगत आलो ते कुचकामी ठरले असते, असे त्यांना वाटले.

“जिंकणारा माणूस विचारत बसत नाही,” ते म्हणाले.

तिने मान हलवली, तळहातांना पांढरी पूड चोळली आणि ती मंचावर गेली. दांडी सरळ वर आली. भाची तिच्याखाली बसली, उठू लागली. गुडघे अर्धे सरळ झाले आणि मामांच्या तोंडून “शाब्बास” निघालेही. त्याच क्षणी डावे कोपर उलट्या दिशेला वळले. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

मामा सर्वांत आधी पोहोचले. ती रडत नव्हती. छताकडे पाहत होती.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर निघाले, व्यायाम झाले. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हात ताणून कोन मोजला. डोक्यावर वजन तोलायचे तर कोपर पूर्ण सरळ, म्हणजे एकशे ऐंशी अंश व्हावे लागते.

तिचे कोपर थांबले ते एकशे सेहेचाळीस अंशांवर.