जमिनीखालची किंकाळी

भूकंपात पडलेल्या जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर दोन-अडीचशे माणसं चिडीचूप बसली होती. मधे भूनाथ महाराज. त्यांनी जमिनीत एक माईक पुरला होता, त्याची वायर शेंदूर फासलेल्या पेटीत गेली होती. महाराजांनी पेटीवर हात ठेवला आणि कर्ण्यातून किंकाळी उठली. चिरकी, थरथरती, थांबायचं नाव नाही.

"सहा वर्षं तुमची लेकरं खाली तडफडून राहिलीत," महाराज म्हणाले. "प्रत्येकाचा आवाज येगळा. ही चांगुणा."

गुणाबाईनं पदर तोंडात कोंबला. चांगुणा तिची थोरली. धाकटी वैष्णवी शेजारीच बसली होती. ती लातूरला बारावीचे क्लास करत होती. तिनं शिक्षण सोडून जन्मभर मठात सेवा करायची, मगच थोरली सुटेल, असा महाराजांचा तोडगा. महाराजांचे आत्मे मोठे चोखंदळ, त्यांना सेवेला तरुण मुलीच लागत.

"आई, माझी परीक्षा हाय गं."

"तू तरी जित्ती हाईस," गुणाबाई म्हणाली. "ती वरडून राहिली."

मी काही दर्शनाला गेलो नव्हतो. नांदेडला मी कॉम्प्युटर शिकवतो आणि भंगारातून जुनी यंत्रं वेचतो. याच गावच्या पडक्या शाळेतलं एक मला व्यंकटी भंगारवाल्याकडे मिळालं होतं. लोक त्याला नुसता कळफलक समजून फेकतात. पण मागे टीव्हीची आणि टेपरेकॉर्डरची पिन लावायची भोकं दिसली, की समजायचं, अख्खा कॉम्प्युटर त्यातच आहे. उन्हाळाभर खपून मी तो चालू केला. त्याचे प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर असत. शाळेच्या कॅसेटी महाराजांनी नेल्याचं व्यंकटीनं सांगितलं, म्हणून यंत्र जीपमध्ये टाकून आलो होतो. आणि ही किंकाळी माझ्या चांगल्या ओळखीची होती.

मी उठून माईकची वायर उपटली. किंकाळी चालूच राहिली.

"नास्तिकाच्या हातानं आत्मा खवळला," महाराज गरजले.

तेवढ्यात वैष्णवीनं पेटी उघडली. आत टेपरेकॉर्डर फिरत होता.

मठातला टीव्ही बाहेर आणून मी यंत्र जोडलं, कॅसेट लावली. प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपातच भरलेला असतो; तीच किंकाळी पुन्हा घुमली, यंत्रात उतरून थांबली, आणि पडद्यावर प्रश्न आला: सात गुणिले आठ किती? वैष्णवीनं छप्पन्न दाबलं. पुढचं गणित आलं. दुसऱ्या कॅसेटमधून, म्हणजे गर्दीतल्या म्हाताऱ्या शेषेरावांना महाराज त्यांच्या मेलेल्या नातवाचा म्हणून ऐकवत त्या आवाजातून, भूमितीचा धडा निघाला. शेषेरावांनी डोक्यावरचा फेटा काढून तोंडावर धरला. मला महाराजांचा संताप आला होता, पण त्या म्हाताऱ्याकडे बघवेना.

"मंग माझी चांगुणा?" गुणाबाईनं विचारलं.

"ती गेली, बाई. तिला काही दुखत नाही. सहा वर्षांत एकदाही दुखलेलं नाही."

ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून वैष्णवीला म्हणाली, "तुझी लातूरची यष्टी कितीला हाय?"

आणि गर्दीकडे वळली. "इतकी माणसं बसलो व्हतो आपण. एकानं तरी ती पेटी उघडून बघायची व्हती."