नाव तोडायचं नाही

गोदाबाई अकोल्याच्या एका कन्याशाळेत गाणं शिकवायच्या आणि दर जूनमध्ये नव्यानं नोकरीला लागायच्या. उन्हाळा लागला की संस्थेचे सचिव खुशालराव त्यांना नारळ द्यायचे आणि पाऊसपाण्याचं बघून परत बोलवायचे. मधले दिवस बाई अमरावतीला भावाकडे काढायच्या. तिथं वहिनी काही वाईट नव्हती, फक्त कुरड्यांचा चीक ढवळताना रोज विचारायची, "वन्सं, यंदा बोलावतीन न हो तुमाले?" या एका प्रश्नातून सुटायचं, म्हणजे कायम व्हायचं, एवढीच गोदाबाईंची आयुष्याकडे मागणी उरली होती.

त्रेसष्ट साली शाळेचं सभागृह बांधून झालं. उद्घाटनाला मुंबईहून उपमंत्री यायचे ठरले आणि स्वागतगीत खुद्द खुशालरावांनी लिहिलं. त्यांना कविता येत नव्हती, पण सचिवाला कविता येत नाही हे सांगायचं कोणी? पहिल्या कडव्यात पाहुणे, मग देणगीदार डोमाजीराव, मग जिनिंगवाले उत्तमराव, मग खुशालराव स्वतः, आणि शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून, पार्वताबाई. शाळा जिच्या शेतावर उभी होती ती ही म्हातारी.

"चाल तुमी लावा बाई," खुशालराव म्हणाले. "पातूर, बाळापूर, तेल्हारा, साऱ्या शाखांच्या पोरी एकदम गातीन. कार्यक्रम निपटला का तुमच्या कायमच्या आर्डरवर सही करतो."

चार गावच्या पोरींनी आपापल्या गावी शिकून एका सुरात गायचं, तर गाणं सुरांसकट छापायला हवं. बाईंनी तसं लिहून काढलं. एका ओळीत आठ घरं, एक घर म्हणजे एक मात्रा. घरात वर सूर, खाली त्या सुरावर म्हणायचं अक्षर. अक्षर लांबवायचं असेल तिथं पुढच्या घरात अवग्रह, म्हणजे 'ऽ' अशी खूण. छापखान्यातल्या श्रावणकडे एवढे अवग्रह कुठले असायला! तो एसटीनं अमरावतीला गेला, तिथल्या छापखान्यातून अवग्रहाची खूण छापायचे खिळे रुमालात बांधून घेऊन आला आणि एकेक अक्षर त्याच्या सुराखाली नेऊन बसवलं. प्रूफ पाहून बाईंना वाटलं, हे न गाताही ऐकू येतंय.

खुशालराव प्रूफ बघायला आले आणि चष्मा पुसून परत बघू लागले. चौथ्या कडव्यात असं होतं : खु ऽ शा ऽ | ल रा ऽ व.

"हे काय होय?"

"तुमचं नाव, बापूसाहेब," बाई म्हणाल्या.

"माह्यं नाव? जित्या मानसाचे तुकडे करून ठेवले तुमी! अन् मंधात ह्या अळ्या कायच्या?"

"तिथं अक्षर लांबवायचं असते जी."

"नाव तोडायचं नाई. आमच्या बापानं नाव ठेवलं तं सलग ठेवलं होतं. श्रावण, माह्यं नाव एका घरात बसव."

"एका घरात दाटी होईन, बापूसाहेब," श्रावण म्हणाला.

"होऊ दे. आपलंच घर हाये."

श्रावणनं बाईंकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांपुढे वहिनीचं चिकाचं पातेलं आलं. त्या म्हणाल्या, "बसव."

नाव एका घरात बसलं. बाकीची घरं खाली उघडी पडली, वर मात्र सूर तसेच. खुशालरावांनी त्यावरही बोट ठेवलं. "खाली अक्षर नाई, तं वर सूर कायले? खाली मानूस नसला तं आपन पंखा फिरवतो का?"

सूरही निघाले.

अकोल्यात अशी गोष्ट पोटात राहत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तमराव छापखान्यात हजर. "खुशालरावचं नाव सलग अन् माह्यं फाटकं? मी काय कमी जिनिंग चालवतो?" त्यांच्या मागोमाग डोमाजीरावांनी मुनीम धाडला. तिन्ही नावं एकेका घरात कोंबली गेली. पार्वताबाईकडून कोणी आलं नाही. तिला छापखाना कुठं आहे हेच ठाऊक नव्हतं. तेव्हा तिचं नाव आपलं मोकळंढाकळं पसरलेलं राहिलं : पा ऽ र्व ऽ | ता ऽ बा ई. अमरावतीहून आलेल्या अवग्रहांना तेवढंच एक सासर मिळालं.

छापील गाणं गावोगाव गेलं. तिथल्या मास्तरांनी छापलं तसं शिकवलं. छापलेलं चूक असेल असं मास्तरांच्या मनात कसं यावं! गोदाबाईंनी आपल्या पोरींना तरी बरोबर शिकवावं, असं दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. निम्म्या पोरी लांबवणार, निम्म्या गप्प बसणार, त्यात मंत्री. समारंभाच्या सकाळी चारी गावच्या पोरी एकत्र गायल्या तेव्हा बाई खुशालरावांना गाठून म्हणाल्या, "बापूसाहेब, नाव आलं का गाणं थांबते. पार बंद पडते. आजून वेळ हाये, मी सांगते पोरींले..."

"थांबू द्या न. मोठ्या मानसाचं नाव आयकल्यावर लोकाले इचार कराले टाइम पाह्यजे." मग आवाज उतरवून, "आर्डर टाइप करून ठेवली हाये बाई. फक्त सही राह्यली."

बाई पेटीपाशी जाऊन बसल्या.

पाहुण्यांचं कडवं छान झालं. मग डोमाजीराव. एसटीचा कंडक्टर थांब्याचं नाव घेतो तशा पोरी एका दमात "डोमाजीराव" म्हणाल्या आणि ओठ मिटून मनात मात्रा मोजू लागल्या. पेटीही गप्प. मंत्र्यांना वाटलं, गाणं संपलं. ते हात जोडून उठले. मंत्री उठले म्हणून पहिली रांग उठली, पहिली उठली म्हणून मागची, आणि सगळं सभागृह उभं राहिलं न राहिलं तोच पोरींनी पुढची ओळ उचलली. मंत्री खाली बसले. सभागृह बसलं. खुर्च्यांचा खडखडाट सुरात मिसळला.

"उत्तमराव!" शांतता. मंत्री उठले. सभागृह उठलं. गाणं सुरू झालं. सभागृह बसलं.

तिसऱ्या नावाला मंत्र्यांनी धडा घेतला होता. ही इथली रीत दिसते, असं समजून ते ओळ येण्याआधीच उठून तयार राहिले. "खुशालराव" म्हणेपर्यंत सारा अकोला उभा होता, आणि त्या शांततेत खुशालरावांचे डोळे भरून आले. हयातीत स्वतःसाठी लोक उभे राहिलेले किती जणांना पाहायला मिळतात? ते भाग्य बहुधा आडवं झाल्यावर येतं.

शेवटी पार्वताबाई. तिथं थांबायला जागाच नव्हती. पोरी इतका वेळ दाबून धरलेला श्वास सोडल्यासारख्या गायल्या. नाव वर चढलं, वळलं, सावकाश खाली उतरलं. कोणी उठलं नाही. गोदाबाईंची बोटं पेटीवर त्या दिवशी पहिल्यांदा सैल पडली.

सभागृह रिकामं झालं तरी पार्वताबाई सतरंजीवरच बसून होती. "गोदे, माह्या नावाले कोनी उटलं नाई वं?"

बाई तिच्याजवळ टेकल्या. "मावशी, ते छापताना..."

"बरंच झालं. माह्ये तं गुडघे दुखतात, लोकायचेही दुखत असतीन." म्हातारी हसली. "त्या मानसायची नावं मले आयकूच नाई आली पोरी. फटकन् आली अन् गेली. माह्यं मात्र लय लांब गेलं. पार वावराच्या धुऱ्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी बाईंना बोलावून सही केलेली आर्डर हातात दिली. "मंत्रीसाहेब म्हने, अशी शिस्त आमी कुठं पाह्यली नाई. आता दरसाली गॅदरिंगले हेच गानं, असंच. तुमी हायेच. आनखी दोघं देनगी देतो म्हनून राह्यले, पन त्यायची अट हाये..."

"नाव सलग पाह्यजे," बाई म्हणाल्या.

"बरोबर वळखलं!"

म्हणजे गोदाबाई कायम झाल्या आणि त्यांच्याबरोबर उठणं-बसणंही. त्यांनी आर्डर पिशवीत घातली, वहिनीला पत्र टाकलं आणि नवीन दोन नावं सांगायला छापखान्यात गेल्या. श्रावण उरलेले अवग्रह रुमालात बांधत होता.

"हे अमरावतीले परत देऊन येतो बाई. आता कोनाले लागतात?"

"राहू दे श्रावण," बाई म्हणाल्या. "जे नाव सांगाले इथं कोनीच येनार नाई, त्याच्यासाठी ठेव."