अर्धं गाऱ्हाणं

त्या बेटावरचा धूर स्वरदाने एकेचाळीस दिवस बघितला होता.

बेटाच्या बंदरात कुणीतरी एक कॅमेरा बसवलेला होता आणि त्यातलं चित्र इंटरनेटवर कुणालाही दिसायचं. मुलुंडला दुपारी जानकीला वरणभात भरवताना स्वरदा ते फोनवर लावून ठेवायची. काळ्या दगडांचा धक्का, चार होड्या, मागे डोंगर आणि डोंगराच्या कुशीतून अखंड निघणारा पांढरट धूर. तिथे तेव्हा सकाळ असायची. धूर समुद्राकडे गेला की ती भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खाड्यांच्याच चौकोनात, खाली तोंड केलेला बाण काढायची. डोंगरावरच्या वस्तीकडे गेला की वर तोंड केलेला. एकेचाळीस दिवसांत एकोणतीस बाण वर होते.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर घर निवडायचं होतं.

स्वरदाचा नवरा मिहिर जमिनीतल्या वाफेवर वीज काढणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. कंपनीने त्याला अटलांटिकमधल्या या ज्वालामुखीच्या बेटावर दोन वर्षांसाठी पाठवायचं ठरवलं होतं, बायको-मुलीसकट. बेटावर माणसं सगळी मिळून चारशेच्या आसपास. राहायला घरं दोन. एक खाली बंदरात. दवाखाना चार दारं सोडून, तिथे एक नर्स आणि ऑक्सिजनचे सिलिंडर. दुसरं वर, वीजकेंद्राला लागून, अकरा घरांच्या वस्तीत. तिथून दवाखाना पंचवीस मिनिटं, तीही धुकं नसेल तर.

आणि जानकीला दमा होता. तीन वर्षांची पोर. डिसेंबरात समोरची सोसायटी पाडायला घेतली, धूळ उडाली, आणि एका संध्याकाळी जानकीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जायला लागली. दोन दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून जानकी नुसती शिंकली तरी स्वरदा तिचा फ्रॉक वर करून बरगड्या बघायची. सासूबाई, सुगंधाबाई, म्हणायच्या, "अगो, पोरगी हा ती, घड्याळ नाय. सारखा काय उघडून बघतंस?"

"वरचं घर नको," हे स्वरदा महिनाभर सांगत होती. बाण दाखवून सांगत होती. आणि महिनाभर तिला जे उत्तर मिळत होतं ते सासऱ्यांकडून, कोकणातल्या गावावरून. जयवंतरावांचं गाव देवगडकडचं. त्यांच्या गावात चांगली घरं वरच्या वाडीत. खालची वाडी खाडीला लागून, तिथे उधाणाचं पाणी न्हाणीघरात शिरायचं आणि विहीर खारट व्हायची. वर राहणारा शहाणा, खाली राहणारा नाइलाजाचा, हे त्यांच्या हाडात बसलेलं.

"बंदरात कोण ऱ्हवता?" ते विचारायचे. "मासळीचा वास, ओल, डास. वर हवा चांगली."

"बाबा, तिथे वर गंधकाचा धूर आहे."

"धूर काय, चुलीचा नसता? आम्ही चुलीच्या धुरात वाढलंव." वर हेही, की बेट बेट काय करता, मार्व्याहून मनोरीला जातो तशीच फेरीबोट असणार, दोन दिवसांत सवय होईल.

मिहिर तेव्हा काही बोलायचा नाही. बापाचं बोलून झालं की हसायचा, आणि त्या हसण्याने स्वरदाचं डोकं फिरायचं.

बुधवारी दोघांचं जोरात वाजलं. शेवटी मिहिरच म्हणाला, "यार, रोज रोज नको हे. बाबांना कौल लावू दे ना. देव सांगेल तिथे राहू. खाली म्हणाला तर खाली. संपला विषय."

या घरात कौलापुढे कुणी जात नसे. गावच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे मागणं मांडतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. चाळीतली खोली बिल्डरला द्यायची की नाही याचा कौल झाला होता. पार्ल्याची, दहा बुकं शिकलेली मुलगी सून करायची की नाही याचाही झाला होता, आणि उजवा पडला होता म्हणूनच स्वरदा या घरात होती. तिचा विश्वास होता असं नाही. पण ती थकली होती. निदान नवरा म्हणतोय तरी, खाली म्हणाला तर खाली. ती हो म्हणाली.

शुक्रवारी दुपारी कंपनीतून शर्मिष्ठाचा फोन आला. परदेशी जाणाऱ्यांच्या घरादाराचं ती बघायची.

"मिहिर फोन उचलत नाहीये, म्हणून तुम्हाला केला. वरच्या घरात मुलीसाठी छोटा पलंग हवाय का? सोमवारी घर कन्फर्म करताना त्याने ते लिहिलंच नाही."

स्वरदाच्या हातात भाताचा घास तसाच राहिला. "सोमवारी?"

"हो. फॉर्म आलाय ना त्याचा."

"त्यात मुलीच्या तब्येतीचं काय लिहिलंय?"

पलीकडे कळफलक वाजला. "काही आजार नाही, असं आहे. का हो?"

"असता तर?"

"तर आम्ही बंदरातलंच घर दिलं असतं. नियमच आहे तो. पण मग मिहिरला शिफ्ट इनचार्ज नाही होता येणार. इनचार्जला केंद्रापासून दहा मिनिटांत राहावं लागतं."

"बरं," स्वरदा म्हणाली. "पलंगाचं कळवते."

म्हणजे सोमवारी याने घर ठरवलं. बुधवारी देवाचं नाव काढलं. डावी कळी पडली तर काय म्हणणार होता? 'अगं, खालचं घर कंपनीने दुसऱ्यालाच दिलं, वाट लागली बघ.' हे वाक्य तिला त्याच्या आवाजात ऐकू आलं, मानेमागे खाजवत म्हटलेलं. तिला फसवलं ते फसवलं. म्हाताऱ्या बापाला आंघोळ करून, धोतर नेसून देवापुढे बसवणार होता, ठरून गेलेल्या गोष्टीसाठी. आणि 'काही आजार नाही'. डिसेंबरात दवाखान्यात जानकीच्या तोंडावरचा मास्क कुणी धरला होता? याच हाताने ना? त्याच हाताने हे लिहिलं.

तिने शुक्रवारी काही विचारलं नाही. शनिवारीही नाही. तो आपणहून सांगतो का, हे तिला बघायचं होतं. तो सांगत नव्हता. तो जानकीला खांद्यावर घेऊन "बेटावर जायचं, होडीत बसायचं" म्हणत घरभर फिरत होता.

रविवारी सकाळी नऊला कौल. जयवंतराव खरंच धोतर नेसले होते. टेबलावर फोन डब्याला टेकवून उभा केला, समोर नारळ, उदबत्ती. उदबत्ती बघितल्याबरोबर स्वरदाने जानकीला उचलून खिडकीशी नेलं.

"एक उदबत्ती हा गो," सुगंधाबाई म्हणाल्या.

"एकच पुरते, आई."

पडद्यावर देऊळ आलं. बाळ गुरव, साठीचा, उघडाबंब, मोबाईल खांबाला बांधून उभा. त्याने पाषाणावर कळ्या लावल्या, हात जोडले आणि दमदार आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज तुझो जयवंत तुझ्या पायाशी येवन गाऱ्हाणा घालता. तेचो झील सातासमुद्रापलीकडे पोटापाण्याक जाता रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खोलीतले सगळे म्हणाले.

"थंय दोन घरां हत. येक वर डोंगरार, येक खाली बंदरार. वरच्या घरात तेंचा सगळ्यांचा कल्याण असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मिहिरचा होता.

स्वरदा त्याच्याकडे बघत होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, कपाळाला गंध.

उजवी कळी घसरली आणि टपकन पडली.

"दिल्यान!" गुरव म्हणाला. जयवंतरावांनी फोनलाच नमस्कार केला. मिहिरने डोळे उघडले, मोठा श्वास सोडला, आणि स्वरदाकडे बघून हसला. तेच हसू.

"गुरवकाका, फोन ठेवू नका," स्वरदा म्हणाली. "मला एक विचारायचंय."

"स्वरदा, झालं ना आता," मिहिर म्हणाला.

"माझं नाही झालं." ती जानकीला कडेवर घेऊन टेबलापाशी आली. "तुमच्या देवाला विचारा. पोरीला दमा आहे, आणि तिच्या बापाने कंपनीच्या कागदावर 'काही आजार नाही' असं लिहून, सोमवारीच, वरचं घर घेऊन टाकलंय. स्वतःला इनचार्ज व्हायचंय म्हणून. मग आज हा कौल कशाचा लावला? विचारा. म्हणा की सगळ्यांनी, होय म्हाराजा!"

गुरवाच्या मागे देवळातली घंटा कुणीतरी वाजवली.

"काय बोलतेस तू? हे घरातलं आहे," मिहिर दबक्या आवाजात म्हणाला.

"घरातलंच बोलतेय. घराचंच चाललंय ना?"

"ह्या खरा काय रे?" जयवंतरावांनी विचारलं.

"बाबा, तो नुसता एक कॉलम असतो. सगळे तसंच भरतात. आणि रोज थोडाच त्रास होतो तिला? मी हे सगळं कोणासाठी..."

"खरा काय?"

मिहिर खाली बघायला लागला.

गुरव खांबाजवळ सरकला. त्याचा चेहरा पडदाभर झाला. "जयवंता, माका सांगलास ता अर्धा होता. अर्ध्या गाऱ्हाण्याचो कौल धरू नको. देवान दिल्यान, पण आमी काय विचारलंव ताच त्यान ऐकल्यान. सगळा खरा सांगून परत लावया. मी नवी कळी काढतंय."

"होय, परत लाव," जयवंतराव घाईघाईने म्हणाले. "स्वरदा, तूच सांग त्येका सगळा. दमो, धूर, सगळा. देव न्याय करतलो."

एक क्षण स्वरदाला मोह झाला. आता डावी पडेल, घर गप्प होईल, मिहिर तोंडावर पडेल. मग तिच्या मनात आलं, आणि उजवी पडली तर? जानकीचं डोकं तिच्या मानेवर होतं, श्वास कॉलरबोनला लागत होता. उजवी पडली तर आपण काय करणार, वर जाणार?

"नाही," ती म्हणाली. "परत लावायचा नाही."

"देवाक नाय म्हणतंस?" सुगंधाबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"देवाला नाही म्हणत. कळीला म्हणते. आई, वारा कुठे जातो ते मी एकेचाळीस दिवस बघितलंय. ते बघा कॅलेंडर. एकोणतीस वेळा वर. तुम्ही दुधाचे खाडे रोज बघता त्यात, एकाने विचारलं नाही हे बाण कसले." तिने फोनकडे मान वळवली. "गुरवकाका, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला खरं कुणी सांगितलंच नाही."

"माय, तुझा लेकरू, तू बघ," गुरव म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

स्वरदाने जानकीला सासूच्या मांडीवर दिलं, स्वतःचा फोन काढला आणि तिथेच, नारळासमोर, शर्मिष्ठाला मेल लिहायला घेतला. जानकीला दमा आहे. डिसेंबरात दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांचे कागद जोडते. बंदरातलं घर हवं, नाहीतर मुलगी आणि मी येणार नाही.

"स्वरदा, ऐक. पोस्ट जाईल माझी," मिहिर म्हणाला. तो तिच्या हाताकडे बघत होता, पण हात धरायची त्याची छाती झाली नाही. "चार वर्षं वाट बघितलीय मी. माझ्यावर खोटारड्याचा शिक्का बसेल."

"तू लिहिलंस तेव्हा कळलं नाही?"

"निदान मला लिहू दे. मी सांगतो, चूक झाली म्हणून."

"दोन दिवस दिले होते तुला. शुक्रवार संध्याकाळपासून. होडी होडी खेळत होतास."

"मग मी एकटाच जातो."

"जा. वर राहा. हवा चांगली आहे म्हणतात."

तिने मेल पाठवला. मिहिरने चप्पल पायात सरकवली, दार आपटलं, आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने खाली गेला. दाराच्या आवाजाने जानकी दचकली, रडायला लागली, आणि रडता रडता खोकायला लागली. स्वरदाने धावत पंप आणि मास्क आणला. फ्रॉक वर केला. बरगड्या बघितल्या. या वेळी सुगंधाबाईंनी पोरीचं डोकं नीट धरून ठेवलं.

जयवंतराव धोतरात तसेच उठले, चष्मा लावला आणि कॅलेंडरापुढे जाऊन उभे राहिले. एकेका चौकोनावर बोट ठेवत होते. बऱ्याच वेळाने, पाठ न वळवता, त्यांनी विचारलं, "त्या खालच्या घरात उधाणाचा पाणी येता काय गो?"

"नाही येत. अमावस्या-पौर्णिमेलाही बघितलंय. धक्क्याच्या वरच्या दोन पायऱ्या कोरड्या राहतात."

"मग ह्या आधी सांगूक काय झाला होता तुका?"

स्वरदाने जानकीच्या तोंडावर मास्क धरला होता. पंप दाबला. दहा श्वास मोजायचे असतात. तिने ते पूर्ण मोजले, मास्क काढला, आणि मगच सासऱ्यांकडे बघितलं.

"महिनाभर सांगत होते, बाबा. तुम्ही चुलीचा धूर सांगत होतात."