वीस दाण्यांपैकी अकरा

माझ्या धाकट्याने, विश्रामने, आमची खाडी कागदावर उतरवली होती. त्याचा मला इतका तोरा की डोंबिवलीच्या बाजारात पाटीवर बसले तरी तेच सांगायची. गिऱ्हाईक बोय माशांचे कल्ले उघडून बघत असायचं आणि मी विश्रामचं सुरू करायची.

"अगं दगडाबाई, खाडी राहू दे. बोय ताजी आहे का ते सांग," सुमतीबाई म्हणायच्या.

"ताजी आहे हो. शिळी विकायला मी काय तुमच्या सोसायटीत राहते?"

विश्राम ठाण्याच्या एका कचेरीत होता. तिथे एक कॉम्प्युटर, खोलीला गार हवा, आत चपला काढून जायचं. कारखान्यांचं घाण पाणी खाडीत सोडलं की कुठे कुठे पसरतं, ते काढायचं त्याचं काम. एकदा त्याने मला ताटात तांदूळ घेऊन समजावलं. यंत्रात खाडी मांडायची, काठ, वळणं, भरती-ओहोटी सगळं. मग त्यात वीस दाणे सोडायचे. पाणी दाण्याला ओढतं, पण सरळ ओढत नाही. कुठे भोवरा, कुठे वाऱ्याची झुळूक. म्हणून प्रत्येक दाण्याला पावलोपावली एक धक्का द्यायचा, आणि धक्का कुठल्या बाजूने ते फाशावर सोडायचं.

"फासे कोण टाकतं? तू?"

"नाय आये. गणिताची लायब्ररी म्हणून असते, आयती येते. तिला आकडा मागायचा, ती देते. पुढचा कुठला येईल ते कोणाला सांगता येत नाय."

मला लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं कपाट ठाऊक. पण फासे कळले. माझं लहानपण कवड्या खेळण्यात गेलं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. पौष महिना, दशमी. भांगेचे, कमी पाण्याचे दिवस सरलेले, पाणी पौर्णिमेच्या उधाणाकडे चाललेलं, म्हणजे प्रत्येक भरती आधीच्या भरतीपेक्षा थोडी वर चढणारी. माझा थोरला, कान्हा, सकाळी जाळं घेऊन एकटाच गेला. साडेआठच्या सुमाराला रेतीची एक मोठी बोट वाऱ्यासारखी गेली, असं काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी सांगितलं. अकरा वाजता कान्हाची होडी पालथी सापडली. एक वल्हं दुभंगलेलं आणि काठाच्या फळीला रक्त. कान्हा नाही.

मी वाण्याच्या दुकानातून विश्रामला फोन लावायला सांगितलं. वेळ सांगितली, जागा सांगितली. रड नको म्हटलं, काम कर.

तीन वाजता तो रिक्षाने आला, हातात भोकं भोकं असलेल्या कडांचे कागद. आमच्या अंगणात सगळे जमले होते. कान्हाची बायको सरोज उंबऱ्यावर बसलेली, हातात त्याचा सदरा.

"आये, पाच वेळा चालवलं," विश्राम म्हणाला. त्याचे ओठ सुकलेले. "जास्त दाणे सोडायला वेळ नव्हता, वीस वीसच सोडले. पाचही वेळा विसातले अकरा मुंब्र्याच्या वळणाला लागले. तो खालीच, समुद्राकडे गेलाय. भरती संपल्यावर ओहोटीने ओढला."

"पाची वेळा अकराच?" हे माझा दीर गोमाजी बोलला. गोमाजीने खाडीवर चाळीस वर्षं काढलेली, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"अकराच, काका. एकाचाही फरक नाय. एवढं पक्कं आहे."

"वैनी," गोमाजी माझ्याकडे वळला, "एकाच जागी, एकाच भरतीला दोन सुकी पानं टाक. एक ह्या काठाला लागंल, दुसरं त्या. पाची वेळा अकरा, असं खाडी बोलत नाय. माणूस भरतीत पडलाय, भरती वर नेते. वरच्या अंगाला, पलीकडच्या तिवरांत बघूया. दोन होड्या वर, दोन खाली."

तिवरं म्हणजे चिखलातली दाट झाडी. पलीकडच्या काठाला मैलभर तिवरंच, आत शिरायचं तर कमरेइतका गाळ. मोडक्या होड्या चार, वल्हवणारे मोजके, दिवस उतरणीला लागलेला.

आणि मी काय बोलले ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"भाऊजी, तुमच्या डोल्यांना चूल कुठं नि दार कुठं ते दिसत नाय, आणि तुम्ही माझ्या पोराला खाडी शिकवता? त्याने पाच वेळा बघितलंय. तुम्ही एकदा तरी बघाल का? चारही होड्या खाली जातील."

कोणी हसलं. गोमाजीने पागोटं सारखं केलं. आमच्या घरात होड्या माझ्या शब्दावर सुटतात.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मुंब्र्याच्या वळणाला शोधलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिथेच. गळ टाकले, जाळी ओढली. एक मेलेलं वासरू आणि प्लास्टिकचा ढीग. सरोजने मला फक्त एकदा विचारलं, "आत्या, एक होडी तरी वर धाडायची का?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याची काळजी तुला जास्त की मला?" असं मी तिला म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विश्राम ठाण्याला गेला, आज हजार दाणे सोडतो म्हणाला. दुपारी परत आला तो अंगणात न येता कुंपणाशीच उभा राहिला.

"काय रे?"

"आये, मी पाच वेळा चालवलंच नव्हतं."

"मग?"

"चालवलं पाचदा, पण ते एकदाच चालवल्यासारखं झालं. तोच कागद पाच वेळा छापला." त्याच्या वरच्या चित्रा मॅडमनी कागद बघितले होते आणि एवढंच विचारलं होतं की सुरुवातीचा आकडा बदललास का. "त्या लायब्ररीला सुरुवात कुठून करायची ते सांगावं लागतं. नाय सांगितलं तर ती दर वेळी आपल्याकडच्या एकाच आकड्यापासून निघते. तेच धक्के, त्याच क्रमाने. फासे नव्हतेच ते, आये. एकच पडलेलं दान होतं, मी पाच वेळा वाचलं."

"आता?"

"आकडा बदलून बदलून दहा वेळा चालवलं. दर वेळी वेगळं. कधी सहा खाली, कधी चार. पण वरच्या तिवरांत दर वेळी आठ-नऊ तरी जातात."

माझ्या लहानपणी शेजारची चंद्रभागा कवड्या तळहातावर एकाच ठेवणीने मांडून, एकाच झटक्याने टाकायची आणि सारखं तेच दान पाडायची. दुसऱ्यांदा तेच दान पडलं की आम्ही तिचा हात धरायचो. तिसऱ्यांदा कवड्या तिच्या डोक्यात मारायचो. नऊ वर्षांची होते तेव्हा मला हे कळत होतं. बावन्नाव्या वर्षी, अंगणात, पाच वेळा तेच दान ऐकून मी लोकांकडे मान ताठ करून बघत होते.

गोमाजीला मी बोलावलं नाही. तो आधीच होडीत जाऊन बसला होता. हाताने दाखवत गेला, इथून वळव, इथे वल्हं उचल. मी पण गेले. बाईमाणसाने जाऊ नये म्हणणारा कोणी माझ्यासमोर बोलला नाही.

कान्हा अर्ध्या तासात सापडला.

एका जाड तिवराला त्याने स्वतःला जाळ्याच्या दोरीने बांधून घेतलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली तुटलेला, लोंबत होता. मान छातीवर. मला वाटलं झोपलाय. मी त्याच्या गालाला हात लावला. जानेवारीतल्या गाळासारखा गार.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने मला आणि गोमाजीला बाजूला घेऊन सांगितलं, जाऊन दिवसही झाला नाही. काल रात्रीचं असावं. रक्त गेलं, थंडी, तहान. मी डॉक्टरला म्हटलं, हे आणखी कोणाला सांगायचं नाही. गोमाजीकडे बघितलं. तो म्हणाला, "वैनी, मी काय ऐकलं नाय." त्याला मला टाकून बोलायचा हक्क होता. त्याने तो कधी वापरला नाही, आणि ते मला रोज टोचतं. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी करून आणलं, पंधरा दिवस डोळ्यांत औषध घातलं. चुकलं म्हणून मात्र आजवर तोंडातून निघालेलं नाही.

सरोजला आणि गावाला मी सांगितलं, पहिल्याच दिवशी गेला, घटकाभरात, त्याला काही कळलंसुद्धा नाही. सरोजने मान्य केलं. निदान तसं दाखवलं. होड्या खाली कोणी धाडल्या असं कोणी विचारलं तर मी सांगायची, मी धाडल्या.

विश्राम बोलेनासा झाला. कामावर जायचा, यायचा. तेराव्यानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. मी कोळंबी सोलत होते.

"आये, दादा पहिल्याच दिवशी गेला ना?"

"पहिल्याच दिवशी. डॉक्टर बोलला."

त्याने सुपातली एक कोळंबी घेतली, सोलली, दुसरी घेतली.

"दोरी मी सोडवली झाडावरून," तो म्हणाला. "झाडाला तीन खुणा होत्या. साल घासलेली. एक खाली, दुसरी तिच्या वीतभर वर, तिसरी आणखी वर. तिथेच तो होता."

कोळ्याच्या पोराला भरती शिकवावी लागत नाही. पाणी गळ्याशी आलं की कान्हाने गाठ सोडली होती, तुटक्या पायाने वर सरकला होता आणि पुन्हा बांधून घेतलं होतं. तीन भरत्या. पहिल्या रात्रीची, दुसऱ्या सकाळची, दुसऱ्या रात्रीची. आम्ही तेव्हा मुंब्र्याला गळ टाकत होतो.

"तीन होत्या ना, आये?"

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडली नव्हती. तेव्हा अडली.

"तीन होत्या," मी म्हटलं. "आणि होड्या माझ्या शब्दावर सुटल्या. तुझ्या नाय."

त्याने मान हलवली नाही. सूप संपेपर्यंत आम्ही दोघं सोलत राहिलो.