रॉकेल सिंगरची नवी कॅसेट

माघातलं ऊन पत्र्यावर उतरलं, की अक्का शिडी लावायची आणि टेपरेकॉर्डरमधले सहा जाडजूड सेल पापडांच्या रांगेशेजारी उन्हात मांडायची. मेलेला सेल तापवला की पुन्हा दोन-चार दिवस जगतो, हे ज्ञान आमच्या गल्लीत सर्वांनाच होतं. पण त्यावर अक्काएवढी निस्सीम श्रद्धा दुसऱ्या कुणाची नव्हती. कामावर जायच्या आधी ती दोनदा वर चढायची, एकेका सेलाची कूस बदलायची, आणि तिच्या भुवयांत कायमचे अडकलेले कापसाचे तंतू त्या तिरप्या प्रकाशात असे उजळायचे, की बाईला वयाआधीच रुपेरी भुवया फुटल्यात असं वाटावं. खालून मी ओरडायचे, “अक्का, पापड तुडवशील!” ती वळायची नाही. कापसाच्या जिनानं तिचे कान नेले होते.

आम्ही अमळनेरचे. अक्काच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. तिचं नाव सुभद्रा, पण सबंध गल्लीची ती अक्का. नाना, म्हणजे तिचे यजमानसुद्धा, तिला अक्काच म्हणायचे. दिवाळीपासून चैत्रापर्यंत ती कापसाच्या जिनात राबायची. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या अखंड घरघरीत तिनं वीस हिवाळे काढले, आणि त्या घरघरीनं तिच्याकडून काय काय नेलं याची यादी तिला तोंडपाठ होती. आधी चिमण्या गेल्या. मग बांगड्यांची किणकिण गेली. मग भांड्याला भांडं लागल्याचा आवाज, मग लेकराचं रडणं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज सगळ्यांत शेवटी. अक्का घरी येऊन आईला म्हणाली, “म्हंजे नाना आजून लई दिन ऐकू येतीन,” आणि पोट धरधरून हसली. नानांचा आवाज खरोखरच रेड्यासारखा होता.

पण तिचं खरं जे गेलं होतं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गवराईची गाणी म्हणतात. मी लहान होते तेव्हा त्या गाण्यांची पहिली ओळ अक्काची असायची. वैशाखातल्या रखरखत्या दुपारी तिचा तो उंच, किंचित फाटलेला स्वर पानापानांतून वर चढायचा, आणि मागाहून बायांचा घोळका तो झेलायचा. त्या क्षणी उन्हालाही काही अर्थ आहे असं वाटायचं. पुढे तिला मागच्या बाया ऐकू येईनाशा झाल्या. ती पुढे निघून जाऊ लागली, ठेका चुकू लागला, नव्या सुना पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एका अखाजीला अक्का झोक्याकडे आलीच नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या आहेत म्हणाली. त्यानंतर दरवर्षी तिच्याच घरी पुरणपोळ्यांचं काम निघायला लागलं.

अशा बाईनं म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एका गिटारवाल्याचं वेड घ्यावं, याचं गल्लीला नवल वाटायचं. मला नाही वाटायचं. फिरोज धुळ्याचा, यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत वाढलेला. लांब केस, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि गायचा अहिराणीत. असलं काही आम्ही त्याआधी ऐकलंच नव्हतं. आम्ही कॉलेजच्या मुली त्याच्या गाण्यांचे शब्द वहीत उतरवून घ्यायचो. अक्काला मात्र तो जिनातच भेटला. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी टेप लावला होता, यंत्र पुन्हा सुरू झालं तरी तो बंद करायचा राहिला. त्या घरघरीच्या वरून जो एकच मानवी आवाज तिच्यापर्यंत पोहोचला तो फिरोजचा. ती त्याला आपला माणूस समजली. एवढ्या गोंधळात जो हाक मारतो, तो आपलाच असणार.

गफूरभाईंच्या दुकानावर, म्हणजे आमच्या गावातल्या कॅसेटी भरून देण्याच्या आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावर, त्याचं पोस्टर होतं : खान्देशचा पहिला रॉक सिंगर. चौथीपर्यंत शिकलेली अक्का बोट फिरवत वाचायची, आणि ‘रॉक’पर्यंत आल्यावर उरलेलं अक्षर तिनं पदरचं घातलं. “रॉकेल सिंगर,” ती ठामपणे म्हणाली. गफूरभाई हसून हसून स्टुलावरून पडायचे राहिले. त्या दिवसापासून अमळनेरात फिरोजला कुणी रॉक सिंगर म्हटलंच नाही.

त्याच हिवाळ्यात बातमी आली. गफूरभाई धुळ्याला गेले होते, तिथून ऐकून आले. फिरोजची दुसरी कॅसेट निघणार, आणि तिच्यात गिटार कमी, बाकी सगळं इलेक्ट्रॉनिक; ढोलसुद्धा मशीनचा. झालं! गावातल्या रसिकांत उभी फूट पडली. कुणी म्हणालं आता आपला गडी मुंबईच्या तोडीचा झाला, कुणी म्हणालं बाटला. मी बाटल्याच्या बाजूची. मशीनला काय गळा असतो, की घाम असतो? फिरोजच्या आवाजातला खरखरीतपणा हेच आमचं दैवत, आणि त्याच्यावर आता कुणी बटणं दाबून केलेला साज चढवणार, या कल्पनेनंच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अक्काची चिंता मात्र अगदी वेगळी होती. तिनं ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द गफूरभाईंच्या ओठांवरून अर्धाच उचलला. “आधला रॉकेलवर चाले, आते हाई लाइटवर चाली,” ती म्हणाली, आणि गंभीर झाली. आमच्याकडची लाइट कशी होती ते काय सांगावं! येई तेव्हा पाहुणी, जाई तेव्हा घरची. नवी कॅसेट लाइटवरच चालणार असेल आणि नेमकी लाइट नसेल, तर? मी परोपरीनं सांगितलं, की अक्का, वाद्यं लाइटची आहेत, कॅसेट तीच, सेलवर चालेल. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सेल उन्हात मांडले. लाइटनं दगा दिला तर सोय असावी म्हणून.

एका संध्याकाळी ओट्यावर शेंगा निवडताना तिनं हलकेच विचारलं, “तवलगून मना कान टिकतीन का वं?”

तेव्हा कुठे मला कळलं, की ती कॅसेटची वाट पाहत नव्हती. ती शर्यत लावून बसली होती. एकीकडून फिरोज येत होता, दुसरीकडून ती शांतता. दोघांपैकी कोण आधी पोहोचतं एवढाच प्रश्न होता. मी “टिकतील की!” असं जोरात म्हणाले, पण माझ्या स्वरातला पोकळपणा तिला ऐकू गेला नाही याचं मला त्या वेळी बरं वाटलं.

आणि त्याच तोंडानं मी एक दिवस पाप केलं. परीक्षा जवळ आली होती, डोकं फिरलेलं होतं, आणि अक्का अंगणापलीकडे वड्या घालता घालता तिसऱ्यांदा विचारत होती, कॅसेट लाइटवर चालणार का म्हणून. मी हंड्यापाशी उभी होते. तोंड तिच्याकडेच होतं, पण आवाज आईपुरता काढून मी पुटपुटले, “लाइटवर चालो नाहीतर रॉकेलवर, बहिरीला काय त्याचं!” आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. अक्का खाली मान घालून वड्या घालत राहिली. तिनं ऐकलं नाही, म्हणून मी सुटले, असं मी समजले.

फाल्गुन गेला. उन्हाची धार वाढली, पळस फुलून झडला, जिनातली यंत्रं थांबली. कॅसेट आज येणार, उद्या येणार. धुळ्याच्या प्रत्येक एसटीबरोबर एक अफवा उतरायची. गफूरभाई त्याच त्या प्रश्नाला इतके विटले, की त्यांनी दुकानाबाहेर एक पाटीच टांगली : ‘नाही आली.’ अक्का रोज बाजाराला जाताना ती पाटी बोट फिरवून पूर्ण वाचायची. मी म्हणे, “अक्का, अक्षरं तीच आहेत गं.” ती म्हणे, एखाद दिवशी ‘नाही’ पुसलेलं असेल.

आणि अखाजीच्या दिवशी सकाळी ते पुसलेलं होतं.

गफूरभाई स्वतःच कॅसेट घेऊन गल्लीत आले. माहेरवाशिणी निंबाखाली जमल्या होत्या, झोका मोकळा होता. मी अक्काचा हात धरून तिला पुरणपोळ्यांवरून ओढत आणली. नानांनी त्यांचा दोन स्पीकरचा टेप वायर लांबवून झोक्याच्या फळीवर ठेवला, बटण दाबलं, आणि लाइट गेली.

“मी काय सांगेल व्हतं!” अक्का गरजली. इतक्या दिवसांच्या चेष्टेचं उट्टं त्या एका वाक्यात निघालं. ती तरातरा गेली, पत्र्यावरचे तापलेले सेल पदरात घालून आणले आणि आपल्या हातांनी टेपात भरले. बटण पुन्हा दाबलं. चाकं फिरली.

पहिला आला तो आवाज नव्हताच. ते एक स्पंदन होतं. मशीनचा ढोल, जाड, संथ, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. लाकडी फळी त्याबरोबर थरथरायला लागली. त्यावर फिरोजचा तोच खरखरीत गळा, आणि त्या गळ्यात, कुणाच्या स्वप्नातही नव्हतं असं काही : आमच्या अखाजीच्या गाण्याची जुनी चाल. मी मनातल्या मनात कान पकडले. बाटला म्हणणारी मी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अक्काचा चेहरा मात्र कोरा होता. गाणं बरंच पुढे गेलं तरी कोरा. मला वाटलं, संपलं. उशीर झाला, शर्यत हरली. तेवढ्यात फळी धरायला म्हणून तिनं तळहात लाकडावर टेकवला, आणि तो तिथून उचललाच नाही. तिची बोटं हलली. मग मान हलली. बाया तोवर फिरोजबरोबर गुणगुणायला लागल्या होत्या. अक्का त्यांच्या तोंडांकडे टक लावून बघत होती, एकीकडून दुसरीकडे, अधाशासारखी. ओठांवरून शब्द आणि लाकडातून ठेका. मग तिनं डोकं मागे टाकलं आणि पहिली ओळ उचलली.

सूर थोडा घसरला होता, खोटं कशाला सांगू. पण ठेका! एका मात्रेनंही ती पुढे गेली नाही. बायांनी ओळ झेलली, नव्या सुनांनीही झेलली, आणि कुणाचा पदर तोंडाकडे गेला नाही. नाना गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले, नाक शिंकरण्याचं निमित्त करून.

कॅसेटची बाजू संपल्यावर अक्का माझ्याकडे वळली. “त्या दिन तू माले बहिरी म्हणनी,” ती म्हणाली. “मी ऐकं नही. देखं. जिनमा आम्ही डोयाघाई ऐकतस.” बरोबरच होतं. त्या घरघरीत वीस वर्षं बाया एकमेकींशी बोलल्या, सुखदुःखं वाटून घेतली, ती सगळी डोळ्यांनी ऐकून. आणि मी शहाणी आवाज बारीक करून सुटले होते. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. अक्कानं माझा हात धरला, फळीवर ठेवला, वरून आपला ठेवला. “आते आठे हात ठेव,” ती म्हणाली, आणि नानांना कॅसेटची दुसरी बाजू लावायला सांगितली.

त्यानंतर पुष्कळ अखाज्या आल्या. जाड आवाजही यथावकाश गेले, नानांचासुद्धा. पण अखाजीची पहिली ओळ शेवटपर्यंत अक्काचीच राहिली, आणि तिच्या हाताखाली ती फळी. आता जिन बंद आहे. कॅसेटची फीत गुंतून कधीच तुटली. फिरोजनं पुढे काय काय केलं, मला ठाऊक नाही. अक्का गेल्यापासून झोक्याची फळी माझ्या घरी आहे. तिच्या एका टोकाला लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, बरोबर एका तळहाताएवढं. वैशाखात कधी भर दुपारी घर निःशब्द होतं तेव्हा मी तिथे हात ठेवते, आणि कानांनी नव्हे, अक्कानं शिकवल्याप्रमाणे ऐकते. गेलेलं माणूस हाक मारायचं थांबतं असं नाही. आपण ती कुठे ऐकायची, तेवढी जागा बदलते.