तळाचा गुलाबी थर

"मॅडम, हे जनुक तुटलेलं आहे," मुग्धा म्हणाली आणि तिनं संगणक चारुशीलाबाईंकडे वळवला.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही चारुशीलाबाई धरमपेठेतून रोज प्रयोगशाळेत येत. त्यांचं सारं आयुष्य एका आर्कियात गेलं होतं. आर्किया म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे, पण त्यांच्या कुळातले नसलेले सूक्ष्मजीव. बाईंचा वाण मिठात जगणारा, रंगानं गुलाबी. तो पोहतो, पण जन्मजातच कशालाच चिकटत नाही, असा निबंध त्यांनी तरुणपणी छापला होता. मुग्धाची पीएचडी त्यावरच उभी होती.

"पोहायच्या शेपटीची जनुकं ठीक आहेत. पण धरून बसायला जे तंतू लागतात ना, त्यांचंही जनुक आहे इथे. अर्धंच. म्हणजे कधीकाळी ते पूर्ण होतं."

"म्हणजे हा चिकटत होता?"

"हो. आपल्याकडे आल्यावर विसरला असावा."

चारुशीलाबाईंची नजर मोरीकडे गेली. तिथे वच्छलाबाई काचेचे चंबू घासत होत्या.

"काय झालं बाई? डाग राहिला का कुठं? तुम्ही रागवान म्हणून मी तळ दोनदा घासून राहिली."

दर आठवड्याला वरचं तरंगतं पाणी नव्या चंबूत घ्यायचं आणि तळाचा थर घासून टाकायचा, ही शिस्त चारुशीलाबाईंनीच घालून दिली होती. पोहणारे तेवढे पुढे जात राहिले. धरून बसणारे दर वेळी मोरीत गेले.

"मूळचा कुठून आणला होता, मॅडम? तो मिळाला तर ताडून बघता येईल. नाहीतर माझा प्रबंध गेला."

"भिवापूरहून. आईच्या मिठाच्या मडक्यातून."

आई त्या मडक्यातल्या खडेमिठात मिरच्या खारवायची. मीठ ओलावलं की तळाशी गुलाबी थर धरायचा. हातानं खरवडला तरी सुटायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं बाई माहेरी पोचल्या. भावजय शामला अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"काहून वं ताई, एकाएकी? बरं हाय नं सारं?"

"शामला, आईचं मिठाचं मडकं कुठं आहे?"

शामलाला हसूच फुटलं. "नागपुरात मीठ भेटत नाही का वं?"

"खरंच विचारते."

"अवं, आई गेल्या तवा दहाव्याले सारी मडकी बाहेर काढली नं. रीतच हाय. पाण्याचा माठ, दह्याचं गाडगं, मिठाचं मडकं, सारं गावाबाहेर नेऊन फोडलं. तुम्ही नव्हत्या का?" मग तिलाच आठवलं. "हो नं. तुम्ही तर तिसऱ्याच दिवशी गेल्या होत्या. काम होतं म्हणे."

काम होतं. तो चंबू बदलायचा वार होता. धाकटा भाऊ गिरिधर स्टँडपर्यंत मागोमाग आला होता. "दहावा होऊ दे नं वं ताई," म्हणत होता. "माझं चंबूतलं कल्चर मरेल रे," असं सांगून त्या बसमध्ये चढल्या होत्या.

फोन वाजला. मुग्धा होती.

"मिळालं, मॅडम?"

"नाही. आणि आता मिळणारही नाही. माझा निबंध चुकला, असं मी मासिकाला कळवते. तू तिथूनच सुरू कर. जपता जपता कसं सुटलं, ते लिही."



दुपारी गिरिधर शेतातून आला. जेवणं झाली, गावातल्या गोष्टी झाल्या, चहा झाला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. आज राहावं, असं चारुशीलाबाईंच्या मनात फार होतं. कुणी एकदा 'राहा' म्हणेल म्हणून त्या उगाच मिरच्यांचे देठ खुडत बसल्या. बोटं चुरचुरू लागली.

शामलानं मिरच्यांची पिशवी आणून त्यांच्यापाशी ठेवली. "पाचच्या बसले जागा भेटते, ताई. मंग लय गर्दी होते."

"हो गं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दाराबाहेर गिरिधरनं त्यांच्या चपला सवयीनं रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या.