ओमाच्या तळहातावरची साखर

शोभना रोज शारजाच्या अल मजाजहून दोन बस बदलून दुबईच्या सिलिकॉन ओएसिसला यायची, एका जर्मन म्हातारीला सांभाळायला. घरचे तिला ओमा म्हणत, म्हणजे आजी. शोभनाही तेच म्हणायची. वय सत्त्याऐंशी. सकाळी डोकं ठिकाणावर असायचं, पण कधी फिरेल याचा नेम नसायचा.

अशाच एका सकाळी ओमाने मुलाला आणि शोभनाला पोटातली गोष्ट सांगितली. तिचे वडील हँबर्गच्या गोदीत कामाला, पक्के कम्युनिस्ट. हिटलरच्या राज्यात चोरून पत्रकं छापायचे. त्यांच्यात एक नियम होता. पकडलं गेलं तर दोन दिवस तोंड उघडायचं नाही, तेवढ्यात बाकीच्यांनी पळायचं. पोलीस आले तेव्हा ओमा पाच वर्षांची होती. एका गोडबोल्या साहेबाने तिच्या हातावर साखरेचा खडा ठेवला आणि विचारलं, बाबा कागद कुठे ठेवतात? तिने चुलीमागची फळी दाखवली. आत साथीदारांची यादी होती. बापासकट पाच जणांची मुंडकी उडाली.

बापाने मात्र जबानीत लिहून दिलं, जागा मीच दाखवली. पोरीवर काही येऊ दिलं नाही. युद्ध संपल्यावर वाचलेल्या साथीदारांनी ती जबानी वाचली, हा पहिल्याच दिवशी फुटला म्हणाले, आणि गोदीतल्या स्मारकावर चौघांचीच नावं कोरली. खरं काय ते एकट्या ओमाला ठाऊक, आणि ती ऐंशी वर्षं गप्प. लाजेपायी, दुसरं काय!

आता तो दगड नवा होणार होता. साक्ष ओमाच्याच तोंडून हवी होती, ऐकीव चालणार नव्हती, आणि नावांची यादी साक्षीच्याच दिवशी पक्की व्हायची होती. तिचा मुलगा राल्फ याने स्मारकाच्या समितीतल्या माणसाशी सकाळी अकराचा व्हिडिओ कॉल ठरवला.

शोभनाच्या माहेरी परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही-साखर ठेवायची रीत. हात आपसूक फ्रिजकडे गेला आणि कॉलच्या आधी तिने ओमाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. सगळी गोष्ट ऐकूनसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही, याला काय म्हणावं!

पडद्यावर टाय लावलेला एक हसरा माणूस आला. अगदी अदबीने त्याने जर्मनमधून विचारलं आणि राल्फने शोभनाला हळूच अर्थ सांगितला: वडील कागद कुठे ठेवायचे?

ओमाने तळहातावरची साखर पाहिली. मग त्या माणसाकडे पाहिलं.

"आमच्या घरी कागद नाहीत," ती म्हणाली.

शोभना गुडघ्यांवर बसली. "ओमा, प्लीज, सांगा ना. बाबांचं नाव लागेल. ही इज अ गुड मॅन."

ओमा हलली नाही. राल्फने परोपरीने विनवलं. तो माणूस पंधरा मिनिटं थांबला, माफी मागितली आणि पडदा काळा झाला. राल्फ तोंड फिरवून बाल्कनीत गेला.

मग ओमाने शोभनाला जवळ ओढलं. इतकं खूश शोभनाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"या वेळी मी नाही सांगितलं," ती कुजबुजली. "तूही बोलू नकोस. फक्त दोन दिवस."

शोभनाने कबूल केलं आणि ओल्या टॉवेलने तिचा हात पुसला.